झोटेरो: मराठीतून रिसर्च करणाऱ्या मुलांसाठी सविस्तर रिव्ह्यू

दरवर्षी सबमिशन जवळ आलं की एमएची आणि पीएचडीची मुलं एकच विचारतात, ताई संदर्भसूची करायला एखादं सोपं सॉफ्टवेअर सांगा ना. मी इतिहासात काम करते, पुण्यातल्याच लायब्ऱ्यांमध्ये माझा बराचसा वेळ जातो आणि गेली काही वर्षं माझं सगळं वाचन झोटेरोमध्ये आहे, त्यामुळे उत्तर ठरलेलं असतं. पण "झोटेरो घे" एवढं फोनवर सांगून भागत नाही. यूट्यूबवरचे व्हिडिओ सगळे इंग्रजी जर्नलचे पेपर घेऊन दाखवतात, क्लिक केलं की नोंद आली, आणि आपल्या मुलांच्या हातात असतो गॅझेटियरचा (इंग्रज सरकारने काढलेल्या जिल्हावार माहितीच्या ग्रंथाचा) खंड, केसरीचा जुना अंक, नाहीतर कुणाच्या तरी कपाटातलं पहिली चार पानं गळलेलं पुस्तक. तिथे क्लिक करायला काहीच नसतं. म्हणून म्हटलं मराठी साहित्य धरून एकदा नीट लिहून टाकावं.

आधी ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. झोटेरो म्हणजे संदर्भ सांभाळायचं सॉफ्टवेअर, पूर्ण फुकट आणि ओपन सोर्स. २००६ साली अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन युनिव्हर्सिटीच्या इतिहास आणि न्यू मीडिया केंद्रातून आलं, तेव्हा ते फायरफॉक्सच्या आत चालायचं, आता स्वतंत्र प्रोग्रॅम आहे, विंडोज मॅक लिनक्स सगळीकडे चालतो. इतिहासवाल्यांनी इतिहासवाल्यांच्या गरजेतून केलेलं आहे हे वापरताना पदोपदी जाणवतं, कारण हस्तलिखित, पत्र, नकाशा, मुलाखत, वर्तमानपत्रातला लेख, कायदा, खटला असे प्रकार त्यात पहिल्यापासून वेगवेगळे दिलेत. ब्राउझरमध्ये त्याचं एक बटण बसतं, कनेक्टर म्हणतात त्याला, आणि वर्ड, लिबरऑफिस, गूगल डॉक्स या तिन्हीत लिहिता लिहिता संदर्भ टाकता येतो. शेवटी यादी आपोआप तयार होते.

मुलांना या शेवटच्या वाक्याचंच आकर्षण असतं, यादी आपोआप होते. मला मात्र त्याचा खरा फायदा वेगळाच वाटतो. नोंद कधी करायची, ही सवय ते लावतं. एरवी काय होतं, जयकर ग्रंथालयात बसून चार पुस्तकं चाळली, वहीत उतारे उतरवले, दोन पानांचे मोबाइलवर फोटो काढले, आणि सहा महिन्यांनी प्रकरण लिहायला बसलं की तो उतारा कुठल्या पुस्तकातला, कुठली आवृत्ती, पान किती, काही म्हणता काही कळत नाही. मग अंदाजाने पान टाकलं जातं. व्हायवाला कुणी पुस्तक उघडून बघणार नाही असं मुलांना वाटतं पण प्रश्न व्हायवाचा नाहीच, तुमच्यानंतर त्याच विषयावर काम करणारं पोर तुमची टीप बघून त्या पानापाशी जाणार आणि तिथे काहीच नसणार. त्याचा दिवस वाया जातो. म्हणून पुस्तक हातात असतानाच, टेबलावरून परत द्यायच्या आधी, लॅपटॉप उघडून नोंद पूर्ण करायची. शीर्षकपानाचा आणि त्याच्या मागच्या पानाचा फोटो काढून त्याच नोंदीला जोडून ठेवायचा. एवढं एक केलं तरी माझ्या मते झोटेरो घेतल्याचं सार्थक झालं.

आता एक उदाहरण जवळून बघू, नुसत्या तारीफेत अर्थ नाही. समजा विषय आहे १८९७ चा पुण्यातला प्लेग. इतिहास विभागात हा विषय कुणी ना कुणी घेतंच. प्लेगच्या आधीचं शहर कसं होतं ते बघायला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अठरावा खंड लागणार, तो १८८५ चा, तीन भागांत आहे, आणि पुणे शहराची माहिती तिसऱ्या भागात आहे. इथेच पहिली गडबड होते. मुलं लेखकाच्या जागी 'गॅझेटियर' लिहितात, किंवा 'शासन' लिहितात, किंवा ज्या वेबसाइटवरून पीडीएफ उतरवली तिचं नाव लिहितात. झोटेरोमध्ये प्रकार 'बुक' निवडा, जेम्स कॅम्पबेल हे त्या मालेचे संपादक, त्यांचं नाव टाकताना डावीकडच्या 'ऑथर'वर क्लिक करून 'एडिटर' करा, खंड १८, भाग ३ हे खंडाच्या रकान्यात, वर्ष १८८५. हातात असलेली प्रत जर पुनर्मुद्रण असेल तर वर्षाच्या रकान्यात तुमच्या प्रतीचं वर्ष टाका आणि खाली जो 'एक्स्ट्रा' नावाचा रकाना आहे त्यात मूळ वर्ष वेगळं नोंदवा, त्याची ठरलेली पद्धत झोटेरोच्या मदत पानावर दिली आहे. बऱ्याच जणांना हा रकाना माहीतच नसतो. मूळ वर्ष आणि प्रतीचं वर्ष दोन्ही का लागतात तर माहिती १८८५ ची आहे हे वाचणाऱ्याला कळायला हवं आणि पान नंबर मात्र तुमच्या प्रतीचा आहे.

मग येतो साथीचे रोग कायदा, १८९७ चा तिसरा कायदा. तो 'स्टॅच्यूट' प्रकारात टाकायचा, पुस्तक म्हणून नाही. मुंबईतल्या प्लेगवरचा ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांचा १८९७ चा अहवाल, तो 'रिपोर्ट' प्रकारात. प्रकार बरोबर निवडला की रकाने आपोआप बदलतात आणि काय काय माहिती शोधायची राहिली तेही समोर दिसतं, हे मला फार आवडतं. रिकामा रकाना दिसला की माणूस पुस्तक परत उघडतो.

केसरीचं सांगते, कारण सगळ्यात जास्त चुका तिथे असतात. अग्रलेखाखाली लेखकाचं नाव नसतं, तर लेखकाचा रकाना सरळ रिकामा ठेवा. टिळक संपादक होते म्हणून प्रत्येक लेखाला टिळक लिहून मोकळं व्हायचं नाही, तो लेख त्यांचाच हे कुठल्या पुराव्यावरून म्हणताय ते सांगावं लागेल आणि ते नसेल तर नाव टाकायचा आपल्याला अधिकार नाही. लेखक रिकामा असला की एपीए स्टाइलमध्ये (संदर्भ लिहायच्या ज्या ठरलेल्या पद्धती, म्हणजे स्टाइल्स, आहेत त्यातली ही एक) लेखाचं शीर्षक आपोआप पुढे येतं, ते बरोबर आहे, घाबरून जाऊ नका. तारीख पूर्ण टाका, दिवस महिना वर्ष, आणि पान. मायक्रोफिल्मवर वाचला असेल तर 'आर्काइव्ह'च्या रकान्यात कुठे वाचला ते लिहा.

आणि हे फार महत्त्वाचं. केसरीचा तो अंक तुम्ही स्वतः पाहिलाच नसेल, कुणाच्या तरी पुस्तकात त्यातलं वाक्य वाचलं असेल, तर संदर्भ त्या पुस्तकाचा द्यायचा, 'उद्धृत' असं म्हणून. यादीतही तेच पुस्तक येणार, केसरी नाही. झोटेरोमध्ये संदर्भ टाकताना जी पट्टी उघडते तिच्यातल्या नावावर क्लिक केलं की 'प्रीफिक्स' नावाचा रकाना दिसतो, तिथे 'केसरी, अमुक तारीख, उद्धृत' असं लिहिता येतं. दुसऱ्याच्या पुस्तकातली तळटीप उचलून आपण मूळ कागद पाहिला असं दाखवायचं हा प्रकार आपल्याकडे इतका सर्रास झालाय की कुणाला त्यात काही वाटेनासं झालं, मला मात्र ते साध्या कॉपीपेक्षाही वाईट वाटतं. त्या पुस्तकाच्या लेखकाने वाक्य अर्धवट घेतलं असेल तर ती चूक तुमच्या नावावर पुढे जाते, आणि ज्याने खरोखर अंक शोधून काढला त्याचे कष्ट पुसले जातात.

पेशवाईवर काम करणाऱ्यांना सरदेसाईंनी संपादित केलेले पेशवे दफ्तरातले निवडक कागद लागतात, एकूण ४५ खंड, १९३० ते १९३४ या काळात निघालेले. इथे पान नंबरापेक्षा लेखांक महत्त्वाचा, कारण आपले लोक लेखांकानेच शोधतात. झोटेरोच्या पट्टीत 'पेज', 'चॅप्टर' असे पर्याय आहेत पण लेखांकाला सोयीचं नाव नाही, मग 'सफिक्स'च्या रकान्यात सरळ 'लेखांक अमुक' असं हाताने लिहायचं, छान येतं. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'लाही हीच युक्ती. प्रत्येक खंडाची नोंद वेगळी करा, सगळ्या खंडांची मिळून एक केली की नंतर खंड नंबरांचा गोंधळ होतो. आणि पुरालेखागारातला मूळ कागद पाहिला असेल, मोडीतला, तर तो 'मॅन्युस्क्रिप्ट' प्रकारात, रुमाल नंबर (ज्या कापडी गाठोड्यात तो बांधलाय त्याचा नंबर) 'लोकेशन इन आर्काइव्ह'मध्ये. छापील खंडातला कागद आणि दफ्तरातला कागद एकच असला तरी तुम्ही कुठला पाहिला त्याचाच संदर्भ द्यायचा.

शकाचं एक आहे. जुन्या मराठी पुस्तकांवर शके छापलेलं असतं, शके १८२० म्हणजे साधारण १८९८, अठ्ठ्याहत्तर मिळवायचे, पण शक वर्ष पाडव्याला बदलतं त्यामुळे जानेवारी ते पाडव्यापर्यंतच्या दिवसांसाठी एकोणऐंशी. शक वर्ष तसंच तारखेच्या रकान्यात टाकलं तर यादीत १८२० दिसेल आणि वाचणाऱ्याला वाटेल पुस्तक पेशवाई बुडाल्या बुडाल्या निघालं. तर इसवी सन तारखेत, शके नोटमध्ये. आणि तारीख भरताना इंग्रजी अंक वापरा म्हणजे वर्षानुसार क्रम लावताना त्रास होत नाही.

विश्वकोशातली नोंद असेल तर 'एन्सायक्लोपीडिया आर्टिकल', आणि लेखकाचं नाव नोंदीच्या शेवटी असतं तिथपर्यंत स्क्रोल करायचे कष्ट घ्या, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींचं नाव संपादक म्हणून वेगळं आहे, लेखक म्हणून नाही. शोधगंगेवरचा (पीएचडी प्रबंधांची वेबसाइट) प्रबंध 'थीसिस' प्रकारात गेलाय ना ते बघा, वेबपेज म्हणून सेव्ह झाला असेल तर बदला, विद्यापीठाचं नाव आणि वर्ष भरा. आजी-आजोबांच्या, जुन्या कामगारांच्या, वाड्यातल्या भाडेकरूंच्या मुलाखती घेतल्या असतील तर एपीएच्या नियमात अशा न छापलेल्या संवादाचा उल्लेख फक्त मजकुरात येतो, यादीत येत नाही. गाईडने यादीत मागितलं तर वेगळं परिशिष्ट करा. झोटेरोमध्ये नोंद मात्र ठेवाच, तारीख, ठिकाण, रेकॉर्डिंगची फाइल सगळं एकत्र राहतं.

आता इंग्रजी जर्नलवाल्यांसाठी. तिथे झोटेरोला तोड नाही. वरती जादूच्या छडीचं एक चिन्ह आहे, त्यात डीओआय (लेखाचा कायमचा ओळख नंबर) किंवा आयएसबीएन (पुस्तकाचा नंबर) टाका, एंटर मारा, नोंद हजर. मराठी पुस्तकांच्या आयएसबीएनवर अनेकदा काहीच मिळत नाही आणि जुन्या पुस्तकांना तो नसतोच, तिथे हातानेच भरायचं. पण हीच छडी आज एका वेगळ्या कारणासाठी फार मोलाची झालीये. चॅटजीपीटीला विचारून संदर्भ घ्यायची जी पद्धत पडलीये त्यात लेखकाचं नाव खरं, जर्नल खरं, आणि लेख अस्तित्वातच नाही असं सर्रास होतं. दिसायला इतकं व्यवस्थित असतं की शंका येत नाही. तर असा कुठलाही संदर्भ हातात आला की त्याचा डीओआय छडीत टाका. काही आलंच नाही किंवा भलताच लेख आला तर तो संदर्भ तिथेच सोडा. आला तरी काम संपत नाही, लेख उघडून वाचा, कारण लेख खरा असूनही त्यात तुम्ही म्हणता ते नसू शकतं. आणखी एक चांगली गोष्ट, २०१९ पासून झोटेरो मागे घेतलेले पेपर ओळखून लाल पट्टी दाखवतं, रिट्रॅक्शन वॉच या मागे घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या यादीवरून. सायन्सच्या, मेडिकलच्या मुलांनी तर याच्यासाठी तरी ठेवावं.

क्लिक करून आलेली नोंद मात्र जशीच्या तशी कधी घेऊ नका. शीर्षक सगळं कॅपिटलमध्ये येतं, लेखकाच्या जागी वेबसाइटचं नाव येतं, आडनाव आणि नाव उलटं पडतं. आपल्या नावांचं तर विशेष बघायला लागतं, नाव-वडिलांचं नाव-आडनाव अशी पद्धत असल्यामुळे वडिलांचं नाव कधी आडनावात जाऊन बसतं. इंग्रजी शीर्षकावर राइट क्लिक करून 'सेंटेन्स केस' करता येतं, एपीएला तेच लागतं. मराठी नोंदींना भाषेच्या रकान्यात 'मराठी'चा दोन अक्षरी कोड टाकून ठेवा, रोमन लिपीत लिहिलेलं मराठी शीर्षक असेल तर काही स्टाइलमध्ये सॉफ्टवेअर त्याला इंग्रजी समजून प्रत्येक शब्द कॅपिटल करतं, ते थांबतं. देवनागरी नावं 'राजवाडे' आडनावात आणि 'वि. का.' नावात अशीच भरा, आणि यादी तयार झाली की एकेक ओळ डोळ्याखालून घाला. देवनागरी आणि रोमन नोंदी एकाच यादीत असतील तर आधी सगळ्या रोमन येतात आणि मग देवनागरी, बहुतेक विभागांना मराठी आणि इंग्रजी यादी वेगळीच हवी असते त्यामुळे हे परवडतं.

स्टाइलचं म्हणाल तर दहा हजारांच्यावर स्टाइल्स आहेत. एपीएची सध्याची सातवी आवृत्ती, तीत प्रकाशनाचं शहर लिहायचं नाही आणि तीन किंवा जास्त लेखक असले की मजकुरात पहिल्यांदाच 'एट अल' येतं. आपल्याकडे अजून सहाव्या आवृत्तीचे कागद झेरॉक्स होऊन फिरतात, त्यावरून मुलं 'पुणे:' लिहीत बसतात. एमएलएची नववी, शिकागोची अठरावी २०२४ ला आली. इतिहासाला तळटिपांची शिकागो पद्धतच शोभते असं माझं मत आहे, कारण दफ्तरातल्या कागदाचा पूर्ण पत्ता कंसात मावत नाही. पण गाईड आणि विभाग काय म्हणतो ते पहिल्या दिवशी विचारून घ्या. नंतर बदललं तरी झोटेरोत स्टाइल बदलणं दोन क्लिकचं काम आहे, हाताने केलं असतं तर आठवडे गेले असते.

युजीसीबद्दल खूप गैरसमज आहेत म्हणून लिहिते. वाङ्मयचौर्याबद्दलच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधाचं दुसऱ्याच्या लिखाणाशी दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, दहा ते चाळीस असेल तर सहा महिन्यांपेक्षा जास्त नाही अशा ठरवून दिलेल्या मुदतीत सुधारून परत द्यायचं, चाळीस ते साठ असेल तर एक वर्ष सबमिशन बंद, आणि साठच्या वर गेलं तर रजिस्ट्रेशनच रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, आणि योग्य श्रेय देऊन अवतरणात घेतलेला मजकूर हे त्या मोजणीतून वगळायचं असतं. त्यामुळे "ताई संदर्भ जास्त दिले तर टक्का वाढेल" म्हणून संदर्भ काढून टाकणारी मुलं बघितली की जीव तुटतो. आणि उलट बाजूने, टक्का शून्य आला म्हणजे काम स्वच्छ असंही नाही. मराठी पुस्तक स्कॅन होऊन नेटवर नसेल तर मशीनला ते दिसणारच नाही, इंग्रजीतलं मराठीत उतरवलं तरी पकडलं जाईलच असं नाही. दुसऱ्याचा विचार तुमच्या शब्दांत लिहिला तरी संदर्भ लागतो, त्याला मशीनची गरज नाही.

आता सगळ्यात पुणेरी अडचण, फॉन्ट. आपले बरेच डीटीपीवाले अजून श्रीलिपी, आयएसएमचे जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट वापरतात (नव्या आवृत्त्यांत युनिकोड आहे, सवय जुनी आहे). झोटेरो फक्त युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर सारखीच दिसणारी अक्षरं, समजतं. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास एका दुकानात माझ्यासमोर झालेलं सांगते. मुलीने प्रकरणं व्यवस्थित युनिकोडमध्ये, झोटेरोचे संदर्भ टाकून आणली होती. काका म्हणाले, "बाळा, हे प्रिंटला पातळ दिसतं, मी आपल्या फॉन्टमध्ये करून देतो, मस्त दिसेल." मुलगी म्हणाली, "काका, संदर्भ हलणार नाहीत ना?" "अजिबात नाही गं, रोजचं काम आहे आमचं." प्रूफ हातात आलं तेव्हा मराठी मजकूर ठीक होता, पण कंसातली इंग्रजी नावं सगळी अगम्य अक्षरं झाली होती, कुठल्याशा तळटिपेत नुसते उभे दांडे आणि मात्रा, आणि यादी साधा मजकूर झाल्यामुळे एकही नोंद आता झोटेरोतून दुरुस्त होत नव्हती. ती पोर तिथेच स्टुलावर बसून एकेक टीप मूळ फाइलशी ताडून बघत होती, बाइंडिंगची तारीख दुसऱ्या दिवशीची.

तर हे टाळायचं असेल तर दुकानात वर्डची फाइल द्यायचीच नाही, पीडीएफ द्यायची, आणि पेज सेटअप, मार्जिन, फॉन्ट सगळं घरी करायचं. युनिकोडमध्ये मुक्ता, कोकिळा असे फॉन्ट आहेत, प्रिंटला छान येतात. वर्डचीच फाइल मागितली तर आधी 'सेव्ह ॲज' करून प्रत काढा, त्या प्रतीत झोटेरोच्या टॅबमधलं 'अनलिंक सायटेशन्स' दाबा आणि तीच द्या. मूळ फाइलमध्ये हे बटण चुकूनही दाबायचं नाही, दाबलं की दुवे कायमचे तुटतात.

लायब्ररी ठेवायची कुठे हाही प्रश्न येतो. नोंदींचं सिंक कितीही असलं तरी फुकट आहे, पीडीएफ आणि फोटोंना मात्र ३०० एमबीच मिळतात आणि ते स्कॅन केलेल्या दोन-तीन जाडजूड ग्रंथांत संपतात. पुढे वर्षाला २० डॉलरला २ जीबी. विद्यार्थ्याला ते जड जातं, मी तर फाइलींचं सिंक बंद ठेवून फक्त नोंदी सिंक करायला सांगते, फाइली लॅपटॉपवर आणि बॅकअप एका हार्ड डिस्कवर. झोटेरोचं डेटा फोल्डरच उचलून गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवू नका, त्याने डेटाबेस खराब होऊ शकतो. २०२२ मधल्या सहाव्या आवृत्तीपासून आतच पीडीएफ वाचता येते, रंगवलेली वाक्यं पान नंबरासकट टिपणात येतात, हे फार कामाचं आहे. जुन्या मराठी पुस्तकांचे स्कॅन मात्र नुसती चित्रं असतात, तिथे वाक्य रंगवता येत नाही, चौकोन आखून तेवढा भाग टिपणात घ्यायचा.

मेंडेली पण पुष्कळ जण वापरतात, जागा जास्त देतं, पण ते एल्सेव्हियर कंपनीकडे आहे २०१३ पासून, आणि दहा-पंधरा वर्षं सांभाळायची माझी टिपणं मला कुणा प्रकाशकाच्या हाती द्यायची नाहीत. एंडनोटला पैसे पडतात. इंजिनिअरिंगवाले वर्डऐवजी लेटेकमध्ये लिहितात, त्यांनी झोटेरोला बेटर बिबटेक नावाची जोडणी लावून घ्यावी. एफवाय-एसवायच्या मुलांना चार-पाच संदर्भांचा असाइनमेंट असेल तर काही इन्स्टॉलही करायला नको, झोटेरोबिब म्हणून त्यांचीच वेबसाइट आहे, तिथे यादी करा आणि चिकटवा.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो मराठीसाठी. एपीए इंग्रजीत लावली की मराठी पुस्तकाच्या नोंदीतही 'एड.' आणि 'एट अल' असं रोमनमध्येच येतं, आणि मराठीत प्रबंध लिहिणाऱ्याला शेवटी बसून हाताने 'संपा.', 'पृ.', 'आणि इतर' करत बसावं लागतं. हे दुरुस्त होण्यासारखं आहे. त्या स्टाइल्स म्हणजे साध्या मजकुराच्या एक्सएमएल फाइली आहेत, गिटहब या प्रोग्रॅमरांच्या वेबसाइटवर उघड्यावर पडल्यात, कुणीही नवी लिहून देऊ शकतं. या शहरात सॉफ्टवेअर लिहिणारे किती आहेत आणि मराठीतून संशोधन करणारे किती, दोघांची गाठ पडत नाही एवढंच. कुणाला थोडं कोडिंग येत असेल तर तळटीप कशी हवी, लेखांक कुठे, शके कसं दाखवायचं, हे सगळं मी बसून सांगेन, तपासायला माझी अख्खी मराठी लायब्ररी देईन, रविवारी सकाळी वेळ असतो माझ्याकडे.